लोलक आणि टिचकी

कपांच्या कारखान्यातल्या झिलई विभागात त्या सकाळी काम बंद होतं, आणि श्वासही बंद असल्यातच जमा होते. स्टुलांच्या रांगेतून एक गुळगुळीत माणूस पाऊल मोजत चालला होता. जाकीट गुळगुळीत, गाल गुळगुळीत, आवाज तर त्याहून. त्याच्या चिमटीत साखळी होती आणि साखळीला टोकदार पितळी लोलक. मागे अख्खा कारखाना उभा: भट्टीवाले, घासणारे, पॅकिंगवाल्या, हिशेबनीस. सगळ्यांच्या पुढे, हात मागे बांधून, खुद्द मालक.

"प्रत्येक कारखान्याला आत्मा असतो, मित्रहो," तो माणूस म्हणत होता. त्याला कंपनाचार्य म्हणत. निदान त्याच्या कार्डावर तसं छापलेलं होतं. "आणि आत्म्यालाही अपचन होतं. तुमच्या कारखान्याला एक माणूस पचत नाहीये. कोण, ते मी सांगणार नाही. मी कोण सांगणारा? स्टुलात मुरलेली कंपनं सांगतील, आणि हा ती ऐकेल."

हा, म्हणजे लोलक. तो एकेका स्टुलावर जाई आणि शहाण्या मुलासारखा गप्प राही. खिडकीजवळच्या शेवटच्या स्टुलापाशी मात्र तो आधी थरथरला, मग झुलला, मग गरगर फिरू लागला.

"अगं बाई!" पॅकिंगमधून आवाज आला. "मी म्हणत नव्हते?"

"मला तर तिच्याशेजारी बसलं की डोकं दुखतं."

"तुझं डोकं लग्न झाल्यापासून दुखतंय."

हशा झाला, पण दबका. ते स्टूल जिचं होतं ती बाई भिंतीला टेकून उभी होती. तिला सगळे 'पलीकडची' म्हणत. नदीपलीकडचा कारखाना बंद पडला तेव्हा ती इकडे आली आणि ज्या जागेवर मुकादमाच्या मेहुणीचा डोळा होता, नेमकी तीच, झिलईचा शेवटचा हात फिरवून कप भट्टीत घालायची जागा तिला मिळाली. तेव्हापासून ती जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन एकटीच खिडकीकडे तोंड करून बसे. कुणी तिला वाळीत टाकलं नव्हतं. फक्त ती आली की बाकावर जागा नसायची.

"शनिवारपासून येऊ नका," मालक तिच्याकडे न बघता म्हणाले. "राग मानू नका. विज्ञान आहे ते."

हे सगळं कोपऱ्यातल्या स्टुलावरून एक वयस्क बाई बघत होत्या. बघणं हाच त्यांचा धंदा होता, म्हणून कारखान्याने त्यांचं नाव ठेवलं होतं बघ्याबाई. मालकांच्या मुलीने सुचवलं होतं, "बाबा, कप का फुटतात ते कळत नाही ना? मग मानववंशशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाला बोलवा." मालकांना वाटलं, वंशाचं शास्त्र म्हणजे मुलगी अखेर लग्नाचा विषय काढतेय. त्यांनी तत्काळ होकार दिला. खरा प्रकार कळेपर्यंत बाई स्टूल टाकून बसल्याही होत्या.

कप फुटत होते हे मात्र खरं. पहिल्या भट्टीतून कप कोरे, खरखरीत निघत. मग ते घासायचे, त्यांना झिलई द्यायची आणि दुसऱ्या भट्टीत घालायचे. या दुसऱ्या भट्टीचं दार उघडलं की आत निम्मे कप आणि निम्म्या ठिकऱ्या. भट्टी तपासली, माती तपासली, पाणी तपासलं. उरली माणसं. माणसं तपासायला बाईंनी तीन महिने मागितले होते. आचार्यांनी अर्धा तास मागितला. धंद्यातल्या कुणीही अर्धा तासच निवडला असता.

बाईंना राग आला नाही. त्यांना रागाची सवयच उरली नव्हती. आताशा फक्त कंटाळा येई. तरुणपणी त्या दूर डोंगरातल्या एका वस्तीत राहिल्या होत्या. तिथे पीक बुडालं की काठी घेऊन एक जाणता यायचा आणि काठी चेटकीण शोधायची. काठीला नेहमी म्हातारी, एकटी, परगावची बाईच सापडायची. पाटलाची बायको कधी सापडली नाही. बाईंनी त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नाही. आणि आता जाकीट घालून तीच काठी समोर आली होती, फक्त तिची फी वाढली होती.

दुपारी मोरीपाशी पलीकडची भेटली. हातावरची झिलई धुऊन झाली होती तरी ती हात धूतच होती.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगाल? माझ्यात तसलं काही असेल का हो?"

"तसलं म्हणजे?"

"तो फिरला की. मी डोळ्यांनी बघितलं. त्या माणसाचा हात हललासुद्धा नाही." तिने नळ बंद केला. "नोकरी गेली तर दुसरी बघीन. पण तिथे विचारतील, का काढलं? काय सांगू? माझ्या अंगच्या वाऱ्याने कप फुटायचे म्हणून? मघाशी फोनवर माझी लेक म्हणाली, 'आई, शेजारच्यांना कळू देऊ नकोस.' माझीच लेक हो."

उत्तर बाईंपाशी होतं, पण ते अडीचशे पानांचं होतं. शेवटी त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि मालकांच्या खोलीकडे निघाल्या.

आचार्य तिथेच चहा घेत होते. कप तडकलेला होता, पण आचार्य शांत होते.

"साहेब, एक परीक्षा घेऊ द्या," बाई म्हणाल्या. "लोलक स्टुलाची कंपनं ऐकतो ना? मग आज संध्याकाळी रखवालदार एकटा जाऊन स्टुलं अदलाबदल करील. गेल्या महिन्यात सगळ्यांना एकच राखाडी रंग फासलाय, ओळखू येणार नाहीत. खालून तो खडूने खूण करील. उद्या सकाळी आचार्य पुन्हा फिरतील. लोक आणि रखवालदार, सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहतील."

"शंका," आचार्य हसले, "हीसुद्धा एक नकारात्मक ऊर्जाच बरं का."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण ती फुकट आहे."

फुकट हा शब्द मालकांच्या कानाला गोड लागला. "होऊ द्या की आचार्य. सोनं आहे तर कसोटीला कशाला भ्यायचं?"

आता नाही म्हणायची सोय नव्हती. आचार्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या सकाळी सगळा कारखाना भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटून दोन-तीन जण खुसखुसले. मालक आणि बाई तेवढे बघत होते, आणि कुठलं स्टूल कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आचार्य रांगेतून गेले. लोलक गप्प. परत आले. लोलक गप्प. काल ऐटीत चालणारी पावलं आज अंधारात खांब चाचपणाऱ्या माणसासारखी पडत होती. त्यांनी कपाळ पुसलं, एकदा मालकांच्या चेहऱ्याकडे चोरून पाहिलं. पण तिथे नेहमीचं अपचन सोडलं तर काही लिहिलेलं नव्हतं. अखेर मधल्याच एका स्टुलावर लोलक फिरू लागला.

"हेच!" आचार्यांनी डोळे मिटले. "वर्षानुवर्षांचं दुःख मुरलंय यात. मत्सर. हाय. एका एकाकी स्त्रीची हाय!"

मालकांनी रखवालदाराला हाक मारली. त्याने स्टूल उलटं केलं, खूण पाहिली आणि डोकं खाजवलं.

"साहेब, हे नवं आहे. रंगाच्या वेळी जादा आलेलं. काल रात्री गोदामातून मीच आणून ठेवलं, बाईंनी सांगितलं होतं. याच्यावर अजून कुणी बसलेलं नाही."

"कुणीच?"

"मी जरा टेकलो होतो. तंबाखू मळण्यापुरता."

भिंतीकडची तोंडं आपोआप वळली होती. हसू फुटलं, पण मुकादम हसला नाही. "ते काही असो," तो म्हणाला, "काल तर तिच्यापाशीच फिरला ना? ते कसं?"

"कारण काल तुम्ही बघत होतात," बाई म्हणाल्या. "मी काल लोलकाकडे बघितलंच नाही. आचार्यांकडे बघत होते. तेही लोलकाकडे बघत नव्हते, तुमच्या पायांकडे बघत होते. ते खिडकीकडे निघाले तसे तुम्ही सगळे हळूच मागे सरकलात. कुजबुज थांबली. खोकणारेसुद्धा खोकायचे थांबले. दोषी कोण हे तुमचं आधीच ठरलेलं होतं. त्यांनी तुमचंच मत तुम्हाला वाचून दाखवलं, आणि त्याची फी घेतली."

"माझा हात हलत नव्हता!" आचार्य ओरडले. आवाजाचा गुळगुळीतपणा एव्हाना उतरला होता. "शपथेवर सांगतो!"

"शपथ खरीही असेल," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "मुकादम, एक दोरा आणा आणि त्याला नट बांधा."

मुकादमाने नट बांधला. बाईंनी झिलई न दिलेले दोन कोरे कप टेबलावर ठेवले. "हा डावीकडचा आतून तडकलेला आहे, उजवीकडचा धड. तडकलेल्या कपावर नट फिरेल. तुम्ही हात अजिबात हलवायचा नाही."

उजव्या कपावर नट स्थिर राहिला. डाव्यावर आला आणि हळूहळू फिरू लागला. मुकादमाचे डोळे विस्फारले. "आईशप्पथ, मी काही करत नाहीये!"

"करताय, पण तुमचं तुम्हाला कळत नाहीये. मनात जे पक्कं बसलेलं असतं, त्याच्याकडे बोटं केसभर ओढली जातात. लांब दोऱ्याच्या टोकाला केसाचा वीतभर होतो. आता डाव्या कपाला टिचकी मारा."

मुकादमाने टिचकी मारली. *टिन्न.* कप खणखणीत वाजला.

"आता उजव्याला."

*बद्द.*

"मी उलटं सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "दोन्ही कप काल एकटीने वाजवून निवडले होते."

मुकादम कपाकडे बघत होता. नटाचं त्याला आता काही वाटत नव्हतं. त्याने पुन्हा टिचकी मारली. बद्द. भट्टीवाल्यांमधला एक म्हातारा पुटपुटला, "किती दिवसांनी ऐकला हा आवाज."

"मी आल्यापासून एकदाही नाही," बाई म्हणाल्या. "कपाच्या कारखान्यात बसलेय आणि टिचकी ऐकू येत नाही. मला वाटलं, आताशा मारत नसतील. का मारत नाही, दादा?"

म्हाताऱ्याने मालकांकडे पाहिलं, मग छताकडे. "पूर्वी मारायचो की. भट्टीतून काढताना, घासताना, झिलईला घेताना. बद्द वाजला की टाकला बादलीत. पण मग ती लाल पाटी आली."

लाल पाटी दारावरच होती. ज्या विभागात खराब माल सापडेल, त्या विभागाचं नाव त्यावर लिहायचं, अशी मालकांची युक्ती होती. गेले कित्येक महिने पाटी कोरी होती आणि मालक ती पाहुण्यांना अभिमानाने दाखवत.

"सापडेल त्याचं नाव लागणार," म्हातारा म्हणाला, "तर शोधायचं कशाला? आपण टिचकी मारायची नाही, कप पुढे सरकवायचा. पुढचा बघेल."

"आणि पुढचाही सरकवणार," घासणारी एक जण म्हणाली. "आम्ही तेच केलं."

"मीपण," भिंतीपाशी उभी पलीकडची पहिल्यांदाच बोलली. "पण माझ्या पुढे माणूस नव्हता. भट्टीच होती."

भट्टीला पाटीची भीती नव्हती. केसाएवढा तडा तिने प्रत्येक वेळी इमानेइतबारे उघडा पाडला होता, आणि शेवटचा हात जिचा, ती चेटकीण ठरली होती.

मालकांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे चूक कुणाची? नाव सांगा एकदा!"

बाईंनी सुस्कारा सोडला. इतकं सगळं होऊनही माणसाला नावच हवं असतं. "साहेब, ही रीत आहे. रीतीला नाव नसतं. सगळे मिळून ती पाळतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपण फक्त शहाणपणाने वागतोय. लोलकाने ती दिसणार नाही. ती बघायला बसावं लागतं. म्हणून मी तीन महिने मागत होते."

"पण पाटी कुणी—" मालकांनी विचारलं आणि वाक्य तिथेच सोडलं. सगळी माणसं एकदम अर्धं पाऊल मागे सरकली होती. त्यांच्यापासून.

हे बघायला आचार्य थांबले नव्हते. लोलक मात्र टेबलावरच राहिला होता, निपचित. हात नसला की तो असाच असतो.

मालक दारापाशी गेले, पाटी उतरवली आणि काखेत मारून खोलीत निघून गेले. जाता जाता मुकादमाला म्हणाले, "शनिवारचं ते... राहू दे." माफी कुणी मागितली नाही. अशा वेळी ती मागायची रीत नसते.

काम सुरू झालं. पलीकडची खिडकीपाशी बसली, कप उचलला, क्षणभर थबकली आणि टिचकी मारली. बद्द. आजूबाजूचे हात थांबले. मुकादम आला, त्याने कप घेतला, बादलीत टाकला आणि पुढे गेला. मग शेजारच्या टेबलावर एक टिचकी वाजली, मग भट्टीपाशी दोन, मग मोजता येणार नाहीत इतक्या. टिन्न, टिन्न, बद्द, टिन्न. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन आली तेव्हा बाकावरची डोकेदुखीवाली जराशी सरकली. वीतभरच. पण सरकली.

बाई कोपऱ्यात बसून बघत होत्या. आचार्य उद्या दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यात नवा लोलक घेऊन उभे असतील, तिथेही एखादी खिडकीजवळची बाई असेल, आणि विज्ञान म्हणून तिला शनिवारपासून येऊ नका सांगतील. हे त्यांना ठाऊक होतं. सगळीकडे जाऊन बसायला बाईंचे गुडघे पुरणार नव्हते.

म्हणून सांगायचं एवढंच. कुणी तुमच्या घरात, गावात किंवा कचेरीत येऊन 'दोषी माणूस शोधून देतो' म्हणाला, तर त्याच्या हातातल्या वस्तूकडे बघू नका. आपण स्वतः कुणापासून मागे सरकतोय, ते बघा. आणि मग, चमत्कार संपायची वाट न बघता, समोरच्या कपाला टिचकी मारा. बद्द वाजला तर तसं सांगा. खणखणीत वाजला तरीही सांगा.