लाल चिठ्ठीची पुस्तकं

महाविद्यालयात त्यांना सगळे सहायकराव म्हणत. एकवीस वर्षं ते सहायक ग्रंथपाल होते. तेवढ्या काळात तीन मुख्य ग्रंथपाल आले आणि गेले. मुलाखतीच्या सकाळी शर्टाला इस्त्री करता करता बायको म्हणाली, "अहो, आता ते 'सहायक' तिथंच सोडा आणि नुसते राव होऊन घरी या."

सहायकरावांना हसू आलं नाही. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ही शेवटची संधी, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण हसू न येण्याचं कारण वेगळंच होतं, परवाचं.

अर्जात 'विशेष कामगिरी' असा एक रकाना असे. दर वेळी तो कोरा जायचा. कार्यशाळांची प्रमाणपत्रं ढीगभर होती, पण पुस्तकं जागच्या जागी लावणं ही काय कामगिरी झाली? यंदा मात्र त्यांनी लिहिलं होतं : चार हजार निरुपयोगी पुस्तकं काढून नव्वद विद्यार्थ्यांच्या बसण्याची सोय केली. दहा वर्षांत एकदाही घरी न गेलेल्या पुस्तकांची यादी त्यांनी संगणकावरून काढली होती. सुट्टीत हमालांनी त्या यादीप्रमाणे पोती भरली, तेव्हा सहायकराव वरच्या खोलीत अर्ज लिहीत बसले होते.

परवा वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक काठी टेकत आले. खिडकीजवळच्या टेबलावर भिंग ठेवून म्हणाले, "सहा महिने अंथरुणात गेले हो. माझे दोन खंड द्या बघू."

सहायकराव कपाटापाशी गेले. खंडांची जागा रिकामी होती. त्या खंडांच्या पाठीवर लाल चिठ्ठी होती. लाल चिठ्ठी म्हणजे दुर्मिळ पुस्तक; इथंच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. जे घरी जाऊच शकत नव्हतं, ते घरी गेलं नाही म्हणून यादीत आलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या चिठ्ठ्या सहायकरावांनीच डकवल्या होत्या.

"शोधून ठेवतो, सर," एवढंच ते बोलले. मग जुनं रजिस्टर काढून मोजलं. लाल चिठ्ठीची तीनशे बारा पुस्तकं गेली होती.

"ब्रसुद्धा काढू नका," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "बांधणीला गेलेत म्हणून सांगा. आमच्याकडे बांधणीला गेलेलं कधी परत आलंय?"

मुलाखतीला जाताना सहायकरावांनी हेच ठरवलं होतं.

प्राचार्य अर्ज वाचून खूश झाले. "आता तुमच्या हातात सूत्रं आली की वरचे दोन मजलेही असेच मोकळे करा. यादी तयार आहे ना?"

यादी त्यांच्या खिशातच होती. वरच्या मजल्यांवर लाल चिठ्ठ्या जास्त होत्या.

"सर, ती यादी चुकीची आहे," सहायकराव म्हणाले. आवाज इतका लहान निघाला की त्यांना पुन्हा सांगावं लागलं. मग त्यांनी सगळंच सांगितलं.

"हे अर्जात का नाही लिहिलंत?"

"भीती वाटली."

प्राचार्यांनी फाईल मिटली. "कळवू तुम्हाला." हे शब्द सहायकरावांनी यापूर्वी तीनदा ऐकले होते.

खाली प्राध्यापक वाट बघत बसले होते. काउंटरवरून बाईंनी डोळ्यांनी खूण केली. सहायकरावांनी तिकडे न बघता खुर्ची ओढली. "सर, तुमचे खंड मी रद्दीत घातले. दहा वर्षांत एकदाही घरी गेले नव्हते म्हणून."

प्राध्यापकांनी भिंग उचललं, रुमालात गुंडाळलं, पुन्हा सोडलं. "सत्तर-ऐंशी पानांची टिपणं आहेत माझ्याकडे. बाकीचं सगळं गेलं?"

"गेलं."

प्राध्यापकांनी भिंग खिशात टाकलं. मग म्हणाले, "आठ वर्षांपूर्वी हिचं दुखणं चाललं होतं. दोन दिवसांसाठी एक खंड घरी मागितला होता मी. तुम्ही दिला नाहीत."

"नियम होता, सर."

"दिला असतात, तर निदान तेवढा तरी आज इथं असता."

ते काठी टेकत निघाले. दाराशी सहायकरावांनी हात पुढे केला, पण त्यांनी तो धरला नाही.

सहायकराव वरच्या मजल्यावर गेले. यादी उघडली आणि पहिल्या कपाटापाशी उकिडवे बसून एकेक पुस्तकाची पाठ बघू लागले. लाल चिठ्ठी दिसली की यादीतल्या त्या नावावर काट मारायची. खिशात फोन वाजत होता. घरूनच असणार. त्यांनी तो वाजू दिला.