एनिडची टेप

रोज सकाळी एक स्तोत्र म्हटल्याशिवाय एनिड चहाला शिवत नसे. वेल्समधल्या त्या समुद्रकाठच्या गावात तिचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि उन्हाळ्यातल्या सौंदर्यस्पर्धेत मापं घेण्याचं काम बारा वर्षं तिच्याकडेच होतं. तलावाकाठी पोहायच्या पोशाखात मुली उभ्या राहत. एनिड छाती, कंबर मोजून हळूच आकडे सांगे, आणि मुख्य परीक्षक प्रिचर्डसाहेब ते भोंग्यावरून अख्ख्या गावाला ऐकवत.

गेल्या वर्षी तिची भाची मेगन उभी राहिली होती. तेव्हापासून टवाळ पोरं तिला नावानं हाक मारेनात. "ए बत्तीस!" म्हणत. कंटाळून ती गावच सोडून गेली. मेगनची धाकटी बहीण ग्लेनिस गावच्या कारखान्यात कामाला होती; यंदा कारखान्यानं तिचं नाव परस्पर देऊन टाकलं. नाही म्हटलं तर नोकरीवर पाणी.

"आत्या, माझं माप नको ना गं सांगूस," ग्लेनिस रडकुंडीला आली होती.

स्पर्धेच्या दिवशी तलावाच्या फाटकाशी शाळेतल्या ब्रॉनवेनबाई वीसेक जणींसह फलक घेऊन उभ्या होत्या: 'आम्ही बाजारातली गुरं नाही.'

"एनिड, आम्ही घसा फोडतोय," त्या म्हणाल्या, "पण टेप तुझ्या हातात आहे."

एनिड मान खाली घालून आत गेली. ओठ मात्र स्तोत्र पुटपुटत होते.

मनगटाला सात नंबरचा पुठ्ठा बांधलेली ग्लेनिस मापासाठी पुढे आली.

"आटपा एनिडबाई, लोक खोळंबलेत!" प्रिचर्डसाहेब म्हणाले.

एनिड वळली आणि टेप तिनं प्रिचर्डसाहेबांच्याच पोटाभोवती टाकली.

"अहो, हे काय!"

"हलू नका साहेब, माप चुकतं." मग जन्मात कधी आवाज न चढवलेली एनिड भोंग्यावर म्हणाली, "सत्तेचाळीस. श्वास सोडला की पन्नास."

तलाव हास्यानं दणाणला. शेजारच्या परीक्षकानं, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरनं, घाईघाईनं कोटाची बटणं लावली.

"तुमचं राहू द्या," एनिड शांतपणे म्हणाली. "पण ग्लेनिसला कामावरून काढलंत, तर टेप घेऊन कारखान्यात येईन."

ग्लेनिसनं पुठ्ठा तोडून तलावात भिरकावला. पाठोपाठ बाकीच्या मुलींचे पुठ्ठे पाण्यावर पडले. ब्रॉनवेनबाईंचा जथा फाटक ढकलून आत शिरला, कुणीतरी गाणं धरलं आणि बघता बघता सारा तलावकाठ गाऊ लागला.

पुढच्या उन्हाळ्यात स्पर्धा झाली नाही, त्यानंतरही कधी नाही. ग्लेनिसची नोकरी टिकली, मेगन घरी परतली. टवाळ पोरं आता प्रिचर्डसाहेबांना "ओ सत्तेचाळीस!" म्हणत.

एनिड मात्र त्यांना नावानंच हाक मारी.