सोडताना दुखणारी दाढ

अक्सेल दवाखान्यात आला तेव्हा कानावर हात धरून आला होता.

"कानाचा दवाखाना इथे नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे मला, मेरेटे. कानाच्या डॉक्टरनेच इकडे पाठवलंय. तो म्हणतो, असला कान वीस वर्षांच्या पोराला मिळाला तरी तो खूश होईल."

अक्सेल आमच्या बेटावरच्या फेरीबोटीचा निवृत्त कप्तान. सत्तरी ओलांडलेला, धिप्पाड आणि एरवी कशाचीच तक्रार न करणारा. मी बिर्टेच्या दवाखान्यात मदतनीस आहे, आणि बेटावर दातांचा दवाखाना एवढा एकच. त्यामुळे कोणाच्या तोंडात काय आहे ते मला माहीत असतं. अक्सेलच्या तोंडात काही बिघडलेलं नाही अशी माझी समजूत होती.

बिर्टेने त्याला खुर्चीत बसवलं. "चावताना दुखतं का?"

"नाही."

"गरम, गार?"

"गार थोडंसं. पण खरी कळ येते ती चावल्यावर. चावलं, सोडलं, की खाडकन."

बिर्टेच्या डोळ्यांत चमक आली. तिला साध्या किडीचा कंटाळा आहे. लपून बसलेलं दुखणं म्हणजे तिची मेजवानी. एक्स-रे काढला तर सगळं स्वच्छ. मग तिने प्लास्टिकची छोटी काडी घेतली आणि दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवून चावायला सांगू लागली.

"चाव. सोड. काही?"

"नाही."

"चाव. सोड."

"नाही. तुझी जेवणाची वेळ झाली असेल तर—"

"चाव. सोड."

अक्सेलचा उजवा पाय उडाला आणि माझ्या हातातला ट्रे छताच्या दिशेने गेला.

"सापडली," बिर्टे शांतपणे म्हणाली. मी जमिनीवरून चिमटे गोळा करत होते.

दाढ बधिर करून तिने जुनं चांदीचं फिलिंग काढलं, आत निळा रंग लावला, पुसला आणि अक्सेलच्या हातात आरसा दिला. दाढेच्या तळाशी केसासारखी निळी रेघ राहिली होती.

"तडा गेलाय. चावलं की फट दबते, सोडलं की दोन्ही बाजू हलतात, म्हणून सोडताना कळ. एक्स-रेत असले तडे बहुतेक दिसतच नाहीत. हा मुळापर्यंत गेलेला दिसत नाही, नशीब तुझं. आत्ता दाढेभोवती धातूचं कडं बसवते. कळ थांबली की वर टोपी. तोवर कडक काहीही खायचं नाही. खातोस काय एवढं कडक?"

अक्सेलने आरसा परत केला.

"बर्फ? सुपारीएवढ्या गोळ्या?"

"गेर्डाची साल," तो शेवटी पुटपुटला.

गेर्डा म्हणजे त्याच्या बायकोची, एलिनोरची थोरली बहीण, आणि माझी शेजारीण. एलिनोर गेल्यापासून दर रविवारी अक्सेल गेर्डाकडे जेवतो. जेवायला डुकराचं भाजलेलं मांस आणि त्यावरची कडक साल. ती साल चावताना होणारा कुर्रकन आवाज ही गेर्डाची आयुष्यभराची कमाई. आवाज आल्याशिवाय ती बटाटे पुढे करत नाही.

"मग तिला सांग, दाढ फुटलीय म्हणून," बिर्टे म्हणाली.

"तू सांग."

"मी पेशंटच्या गोष्टी बाहेर बोलत नाही."

"मेरेटे सांगेल."

"मीही नाही," मी म्हटलं.

तो जाताना मला कप्तानापेक्षा शाळेतून चिठ्ठी घेऊन घरी निघालेल्या मुलासारखा दिसला.

त्या रविवारी गेर्डाने मलाही जेवायला बोलावलं. तिची तब्येत बिघडलेली होती, म्हणजे स्वभावाची. नवं श्रवणयंत्र घेतलं होतं आणि ते टोचतं म्हणून ती विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. "कानापासून जबड्यापर्यंत ठणका मारतं मेलं. पण ऐकू मात्र येतं. काल मांजराचं चालणं ऐकलं मी."

अक्सेल कोट घालूनच जेवायला बसला. घरात चांगलीच ऊब होती.

गेर्डाने त्याच्या ताटात सालीचा सोनेरी तुकडा ठेवला आणि हात बांधून उभी राहिली. अक्सेलने तुकडा तोंडात घातला, गालात सरकवला आणि कोटाचा खिसा दाबला. कुर्र.

"झकास झालीय," तो म्हणाला.

गेर्डाने बटाटे पुढे केले नाहीत. मान कलती करून ती म्हणाली, "अजून एक खा."

दुसरा तुकडा. कुर्र, कुर्र. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"अक्सेल," गेर्डा म्हणाली, "तुझा खिसा चावतोय."

मी रुमालात तोंड लपवलं. अक्सेलने खिसा टेबलावर रिकामा केला. चुरा झालेला टोस्ट होता. पाठोपाठ गालातले दोन्ही तुकडे निघाले. मग त्याने सगळं सांगितलं: कळ, काडी, निळी रेघ, कडं.

"दुकानातला टोस्ट," गेर्डा म्हणाली. तिला जास्त तेच लागलं होतं. "माझ्या घरात. आणि सालीने दाढ फुटते म्हणे. माझ्या बापाने नव्वदीपर्यंत खाल्ली."

"त्याला दात कुठे होते गेर्डा? तो चोखायचा."

"हे बघ, काही होत नाही," असं म्हणत तिने ताटातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि दाणकन चावला. आवाज खरंच देखणा आला. मग तिने जबडा उघडला आणि टेबलाची कड घट्ट धरली. डोळ्यांत पाणी.

"चावताना की सोडताना?" मी विचारलं.

"कान," ती म्हणाली. "यंत्र टोचतं."

"यंत्र तर डाव्या कानात आहे. तू गाल उजवा धरलायस."

अक्सेलने उठून तिला कोमट पाणी आणून दिलं. "कधीपासून?" त्याने विचारलं.

"नाताळच्या आधीपासून."

"मग करत कशाला होतीस दर रविवारी?"

"तुला आवडते म्हणून."

"मला कधी विशेष आवडली नाही. एलिनोरला आवडायची."

"मला माहीत नाही का ते," गेर्डा म्हणाली. "मला वाटलं, तिच्यामागे तुलाही आवडायला लागली असेल. तू तर ताट चाटून ठेवायचास."

"तू उभी असायचीस समोर."

सोमवारी तो तिला दवाखान्यात घेऊन आला. तिचं नशीब मात्र धड नव्हतं. तडा मुळात उतरून दाढ सरळ दुभंगली होती. काढण्यावाचून इलाज नव्हता. बिर्टे काम करत होती तोवर अक्सेल बाहेर खुर्चीच्या कडेवर बसून होता, आणि दार उघडताच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "दोन्ही तुकडे आले का?"

"भल्या माणसा," गेर्डा कापसाआडून म्हणाली, "तुला काय ते जोडायचेत?"

अक्सेलची कळ थांबली, तेव्हा त्याच्या दाढेवर टोपी बसली. रविवारी गेर्डा आता मासे उकडते. अक्सेल म्हणतो, त्यावरचं मोहरीचं सार फार पातळ होतं. गेर्डा म्हणते, स्वतः करून बघ. परवाच्या रविवारी त्याने खरंच केलं. ते इतकं घट्ट झालं की पातेल्यातून निघेना, तेव्हा गेर्डाने कुंपणाच्या भिंतीवरून मला हाक मारली आणि बिर्टेचं एखादं हत्यार आणता येईल का म्हणून विचारलं.