झोंबलं म्हणजे लागू पडलं?

मी एक जुनी जंतुनाशकाची बाटली आहे. मित्रांनो, माझ्या झाकणाची शपथ घेऊन, घसा फोडून सांगते, पुढचा शब्दन् शब्द खरा आहे.

कारखान्यात माझ्या पोटात औषध भरलं, पोटावर चिठ्ठी चिकटवली आणि मी घड्याळजी आजोबांच्या घरी आले. तेव्हा काय माझा तोरा. झाकण उघडलं की घरातले जंतू पोरंबाळं काखोटीला मारून जिना उतरायचे. कुणाचं काही खरचटलं, की सूनबाई आधी ते नळाखाली धुवायची, मग चिठ्ठीत सांगितलेल्या पाण्यात मला मोजून घालायची. आजोबांना हे पटायचं नाही.

"पाणी घालून औषधाची ताकद कशाला घालवता? झोंबलं म्हणजे लागू पडलं," ते म्हणायचे.

एकदा सूनबाई बाहेर गेली होती आणि स्प्रिंगने आजोबांचा अंगठा कापला. त्यांनी मला तसंच कापसावर उपडं केलं, तो कापूस जखमेवर ठेवला आणि वरून पट्टी करकचून बांधली. मी आतून ओरडत होते, पण बाटलीचं कोण ऐकतं? दिवसभर अंगठा झोंबत राहिला आणि आजोबा खूश.

संध्याकाळी सूनबाईने पट्टी सोडली. कातडी पांढरीफटक, वर फोड.

"बाबा, हे काय करून ठेवलंत?"

"जंतू मारले."

"जंतूंचं माहीत नाही, कातडी मात्र भाजलीत. केसाएवढा काटा दिसतो तुम्हाला, चिठ्ठी दिसत नाही?"

आजोबांनी अंगठा वाकवून पाहिला. अंगठ्याशिवाय चिमटा धरता येत नाही, आणि चिमट्याशिवाय घड्याळजी कसला?

"काम होईल ना गं परत?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने अंगठा बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरला आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मला फडताळात मागे ढकललं. तीन आठवड्यांनी आजोबांनी चिमट्याने पहिला स्क्रू उचलला, तेव्हा सूनबाई पदराने डोळे पुसत, धूळ गेली म्हणाली.

मित्रांनो, माझ्यावर माया करा, पण चिठ्ठी वाचून. पाणी न घालता औषध लावून पट्टी आवळू नका, मला डोळ्यांजवळ नेऊ नका, जखम खोल असेल तर डॉक्टर गाठा.

परवा आजोबांचं ढोपर खरचटलं. त्यांनी मला बाहेर काढलं, पुसलं आणि हात जोडून माझी माफी मागितली.

बरं बाई, माफीचं तेवढं मी पदरचं घातलं. त्यांनी मला सूनबाईच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे, पाणी तूच मोज."