दारातला ‘हाऽ’

आयत्या बिळावरचा नागोबा बघायचा असेल तर त्या पार्लरवालीला बघा. धाकट्या बहिणीची दारू सुटावी म्हणून खस्ता खाल्ल्या मी, तिच्या ओकाऱ्या पुसल्या मी, व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन घातलं मी. आणि तिथून बाहेर पडल्यावर बाईसाहेब पोटातलं बोलणार कोणाशी? तर तिच्याशी!

केंद्राची पद्धतच तशी. दारू सोडणाऱ्या प्रत्येक बाईला, आधी सोडलेली एक बाई साथीण म्हणून देतात; हिच्या वाट्याला ती पार्लरवाली आली. प्यावंसं वाटलं की पहिल्यांदा तिला सांगायचं. घरच्यांना नंतर, वाटलं तर. वा रे न्याय! म्हणजे सख्खी बहीण काय नुसती कपडे वाळत घालायला?

घरी आली की धाकटी दारातच माझ्यासमोर उभी राहायची आणि तोंड उघडून ‘हाऽ’ करायची. मी वास घ्यायचे. ही शिस्त मीच लावलेली. वास नसला की चपला काढून आत. मग जेवण, मग झोप.

काल म्हणाली, “मी साथीणताईंकडे राहायला जातेय. पार्लरच्या वर खोली आहे त्यांची.”

ताई! तिलाही ताईच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातची बहीण जाते म्हणजे काय?

म्हणून आज केस धुवायच्या निमित्ताने पार्लरमध्ये गेले. पार्लरवालीने मला कधी पाहिलेलं नव्हतं. म्हटलं, बघू तरी काय जादूटोणा करते. तिने माझं डोकं बेसिनवर टेकवलं, डोळ्यांवर टॉवेल टाकला, फेस केला. तेवढ्यात दार वाजलं आणि धाकटीचा आवाज आला.

“ताई, आज त्या दुकानासमोर थांबले हो मी. पाय निघेना. बाटली घेणारच होते.”

माझ्या डोक्यावरचे हात निघाले. टॉवेल सरकवून पाहिलं, तर पार्लरवालीने धाकटीला मिठीत घेतलेलं. वास नाही, उलटतपासणी नाही. “इकडे आलीस ना? मग झालं,” एवढंच म्हणाली. आणि धाकटी तिच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. आई गेल्यापासून माझ्यासमोर कधी रडली नव्हती. इतकी जळले मी, काय सांगू! तो खांदा माझा असायला हवा होता.

तशीच फेसासकट उठले. “हे मला का नाही सांगितलंस गं?”

धाकटी दचकली. तिने डोळे पुसले, माझ्यापुढे येऊन उभी राहिली, आणि भर पार्लरमध्ये, चार बायकांदेखत, तोंड उघडून ‘हाऽ’ केलं.

पार्लरवाली कंगव्यातले केस काढत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी फेसाळलेल्या बोटांनी स्वतःचं नाक घट्ट धरलं. “मिट ते तोंड,” म्हटलं. आवाज असला गेंगाणा निघाला की पार्लरवाली फिस्सकन हसली. मग धाकटीही.

“कधी जायचंय खोलीवर?” मी विचारलं.

“उद्या.”

“निळी चादर घेऊन जा. तुला लागते ती.”

तिने मान हलवली. मला पुन्हा खुर्चीत बसवून तिने स्वतः पाण्याचा मग उचलला.

“पाणी फार गरम नाही ना, ताई?”

“नाही. आणि तुझा हात हलका आहे गं,” मी म्हटलं, “इथल्या बाकीच्यांपेक्षा.” पार्लरवालीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.