बॉनेटवरचा राखाडी डाग

मी एक जुनी निळी गाडी आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गरीब स्वभावाच्या असतात, हे तुम्हाला शाळेतल्या निबंधांवरून ठाऊक असेल. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, सगळ्याजणी डोळ्यांत पाणी आणून बोलतात. मला ते जमणार नाही. माझ्या बॉनेटच्या उजव्या कंगोऱ्यावर रुपयाएवढा एक राखाडी डाग आहे. तो कसा पडला हे मी सांगणार आहे, कारण ज्यांनी सांगायला हवं होतं ते तीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले आहेत.

माझा जन्म चौऱ्याण्णव सालचा. दिल्लीजवळच्या एका मोठ्या कारखान्यात आधी माझा पत्रा वाकवला गेला, त्यावर राखाडी अस्तर चढलं, त्यावर निळा रंग बसला आणि मग मला भट्टीत घातलं. सपाट भागावर रंग चांगला जाड बसतो, कंगोऱ्यांवर मात्र पातळच राहतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला घेतलं पद्माकररावांनी. ते पुण्याचे, नोएडातल्या टीव्हीच्या कारखान्यात इंजिनिअर. घरात पत्नी शालिनीताई आणि नऊ वर्षांची मुलगी रेवती. त्या काळी नोएडात सेक्टरला आकडा आधी मिळायचा आणि रस्ता नंतर. आमच्या इमारतीच्या तिन्ही बाजूंना बांधकामं चालू होती. सकाळी माझ्या अंगावर इतकी धूळ साचलेली असे, की रेवती बोटाने तिचं नाव लिहायची. स्कूटरवरून गाडीवर आलेल्या माणसाला आपल्या गाडीचं किती कौतुक असतं, हे मी त्या घरात पाहिलं. पद्माकरराव ऑफिसला निघताना एकदा वळून माझ्याकडे बघत आणि मगच दार उघडत.

आमच्या रांगेत आठ गाड्या होत्या. त्या पुसायला श्याम नावाचा चाळिशीचा माणूस जवळच्या गावातून सायकलवर येई. हँडलला दोन बादल्या. दुसऱ्या रांगांतले पुसणारे कोरड्या फडक्याने सपासप धूळ झटकत. मित्रांनो, ही धूळ म्हणजे बारीक वाळू असते. कोरडं फडकं ती वाळू रंगावर ओढत नेतं आणि केसासारखे ओरखडे पडतात. श्याम असं कधीच करत नसे. तो आधी माझ्यावर पाणी सोडी, धूळ वाहून जाऊ देई, आणि मग मऊ फडकं फिरवी. "पहले धूल को जाने दो, फिर कपड़ा," असं तो शेजारच्या ड्रायव्हरला शिकवायचा. त्याचा हात अंगावर फिरला की मला बरं वाटायचं.

मग दसरा आला. शालिनीताईंनी मला हार घातला, झेंडू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नोएडातल्या वाऱ्याने कुंकू उडून जाईल म्हणून त्यांनी ते तेलात कालवलं होतं. श्यामला त्यांनी बजावलं, "भैया, इसको हाथ मत लगाना. कुंकू है." कुंकू पुसणं हे शब्दसुद्धा त्या घरात कुणी सहजी तोंडातून काढत नसे. आपोआप जाईल तेव्हा जाईल, तोवर राहू दे, असा त्यांचा नेम. श्यामला त्यातलं फारसं काही कळलं नसावं, पण सांगितलेलं त्याने तंतोतंत पाळलं. पुढचे तीन आठवडे तो बोटाला फडकं गुंडाळून स्वस्तिकाच्या कडेकडेने पुसत असे. आतल्या कुंकवाला त्याचा स्पर्शही झाला नाही. मी साक्षीदार आहे.

मुंबईहून मोठे साहेब येणार म्हणून पद्माकररावांना विमानतळावर जायचं होतं. स्वस्तिक एव्हाना धूळ खाऊन काळपट झालं होतं. साहेबांना अशा गाडीत कसं बसवायचं? रविवारी दुपारी शालिनीताई रेवतीला घेऊन करोल बागेत स्वेटर घ्यायला गेल्या, आणि पद्माकरराव गुपचूप खाली आले. एका हातात भांड्यांची पावडर आणि दुसऱ्या हातात नारळाचा काथ्या! माझ्या अंगावर काथ्या! कुंकू तेलकट, निघता निघेना, तसा त्यांनी खांद्यापासून जोर लावला आणि गोल गोल घासत सुटले. कुंकू गेलं. खाली सगळीकडे पांढुरके ओरखडे उठले.

संध्याकाळी शालिनीताई परत आल्या आणि माझ्यासमोर थबकल्या. "अहो, कुंकू कुणी पुसलं?"

पद्माकरराव मोठे इंजिनिअर. कारखान्यात त्यांच्या हाताखाली साठ माणसं होती. पण बायकोच्या त्या आवाजाला ते घाबरले. "श्यामने पुसलं असेल. बघ ना, स्क्रॅच पण पाडलेत," असं ते म्हणाले. दोन वाक्यं! मला वाटलं, जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचेपर्यंत त्यांना लाज वाटेल. नाही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिनीताईंनी अख्ख्या रांगेसमोर श्यामला धारेवर धरलं. बाकीच्या सातही गाड्यांचे मालक गोळा झाले. श्याम बादली खाली ठेवून एवढंच म्हणत राहिला, "भाभीजी, मैंने उसे छुआ ही नहीं." कोणीतरी म्हणालं, हे लोक असेच असतात, नजर चुकवून काम करतात. आणि पद्माकरराव? ते बाल्कनीत टायची गाठ बांधत उभे होते. त्यांनी खाली पाहिलं, श्यामनेही वर पाहिलं. तेव्हा एक शब्द बोलले असते तरी सगळं मिटलं असतं. ते आत गेले.

त्या दिवसापासून गेटवरच्या चौकीदाराने श्यामला आत सोडलं नाही. एका सकाळी आठ गाड्यांचं काम गेलं. मला हॉर्न आहे, मित्रांनो, पण तो दाबायला हात नाही. त्या दिवशी विमानतळावर निघताना त्यांनी तीनदा सेल्फ मारला तरी मी सुरू झाले नाही. पद्माकरराव म्हणाले, थंडी पडायला लागली. म्हणू देत.

पुढच्या रविवारी शालिनीताईंचे मामा आले. गुलाबराव, साताऱ्याकडचे, फौजेत हवालदार. दिल्ली छावणीत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. भाचीने फोनवर ओरखड्यांचं सांगितलं होतं, म्हणून ते पॉलिशच्या कंपाउंडचा डबा आणि जुन्या धोतराचे मऊ तुकडे घेऊनच आले. मला त्यांनी आधी सावलीत घ्यायला लावलं. साबणाच्या पाण्याने धुतलं, कोरडं केलं. मग ओरखड्यावरून आडवं नख फिरवलं.

"नख अडकत नाही. म्हणजे वरवरचा आहे, घरी निघतो. अडकलं असतं तर रंगाऱ्याकडेच न्यावं लागलं असतं," ते रेवतीला म्हणाले. ती पाण्याचा मग धरून शेजारी उभी होती. त्यांनी हरभऱ्याएवढं कंपाउंड फडक्यावर घेतलं आणि वीतभर जागा हलक्या हाताने घासायला सुरुवात केली. फडकं निळं झालं तशी रेवती ओरडली, "आजोबा, रंग निघतोय!"

"निघू दे. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंचा वरचा रंग जरासा झिजतो, तेव्हाच ओरखडा दिसेनासा होतो. पण घाई नाही करायची. घासायचं, पुसायचं, बघायचं. आणि कंगोऱ्याला हात लावायचा नाही, तिथं रंग पातळ असतो."

अर्धा भाग लख्ख झाला आणि गुलाबराव थांबले. बॉनेटच्या फटीतून त्यांनी दोन बोटांनी काहीतरी ओढून काढलं. काथ्याचा धागा होता, कुंकवाने लाल झालेला. ते वाकून उरलेले ओरखडे तिरक्या उजेडात बघू लागले.

"जावईबापू, फडक्याने असे गोल ओरखडे पडत नाहीत. गाडी पुसणारा माणूस काथ्या घेऊन फिरतो होय?"

"मामा, हळू बोला. शालिनी वर आहे," पद्माकरराव म्हणाले.

गुलाबरावांना सगळं समजलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "उरलेलं अर्धं असंच राहू द्या. आधी त्या माणसाला बोलवा, सगळ्यांसमोर त्याला हे दाखवा. मग बाकीचं मी येऊन काढतो."

"हो हो, बिल्कुल. पुढच्या रविवारी नक्की."

गुलाबराव बस पकडायला गेले. ते वळणाआड होताहेत तोच पद्माकररावांनी डबा उघडला. आता त्यांना ओरखडे काढायचे नव्हते, पुरावा काढायचा होता. कंपाउंड त्यांनी हरभऱ्याएवढं नाही, चमचाभर घेतलं. रेवती म्हणाली, "बाबा, आजोबांनी नको सांगितलंय ना?" ते म्हणाले, "तू वर जा." ती जिन्यापर्यंत गेली आणि तिथूनच बघत राहिली. ते घासत राहिले, पुसून बघायला एकदाही थांबले नाहीत. ओरखडे गेले तरी हात थांबेना, हात उजव्या कंगोऱ्यावर चढला. फडक्यावर निळा रंग यायचा बंद झाला, राखाडी यायला लागला, तेव्हा कुठे ते थबकले.

खालचं अस्तर उघडं पडलं होतं. आता जगातलं कुठलंही कंपाउंड त्या जागेचं काही करू शकत नव्हतं.

तुम्हाला सांगते, मला दुखलं. पण मनातून मी खूशही झाले, कारण हा डाग अशा जागी पडला, की स्टिअरिंगवर बसलं की समोर दिसतो. गुलाबरावांना पद्माकररावांनी फोनवर कळवलं, सगळं मिटलं, आता येऊ नका. शेजाऱ्यांनी माझ्या चमकेचं कौतुक केलं. पद्माकररावांनी डागावर निळी शाई लावून बघितली, बाजारातला डबीतला रंग लावून बघितला. एकही निळा माझ्या निळ्याशी जुळला नाही.

जानेवारीत एका सकाळी आम्ही मार्केटमध्ये उभे होतो. पद्माकरराव आणि शालिनीताई पुढे, रेवती मागे. समोरून सायकलवर श्याम आला. बादली एकच राहिली होती. तो नमस्ते करून पुढे जाणार होता, पण त्याची नजर माझ्याकडे गेली आणि पाय आपोआप थांबले. त्याने डागावरून आडवं नख फिरवलं.

"किनारे पर किसने रगड़ दिया, साहब? यहाँ तो रंग पतला होता है."

"वो... ऐसे ही," असं म्हणून पद्माकररावांनी किल्ली फिरवली. मी सुरू झाले नाही. पुन्हा फिरवली. छे! मी जीव गेला तरी सुरू होणार नव्हते.

तेवढ्यात मागची काच खाली आली. "श्याम अंकल, आपने कुछ नहीं किया था," रेवती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता आणि पुढचं हिंदीत सुचेना. "बाबांनीच पुसलं. काथ्याने. मी आजोबांचं ऐकलंय."

श्याम शांत होता. "मालूम है, बिटिया. मुझसे किसी ने पूछा ही नहीं."

शालिनीताई सावकाश नवऱ्याकडे वळल्या. पद्माकररावांचे कान लाल झाले. ते खाली उतरले आणि मार्केटच्या गर्दीत, हळू आवाजात म्हणाले, "सॉरी, श्याम."

"यहाँ क्यों कहते हैं, साहब? बदनाम तो लाइन में किया था. वहीं सबके सामने कहिए."

"हाँ हाँ. इतवार को आ जाओ. पक्का."

श्याम त्या रविवारी आला. गेटबाहेर तासभर उभा राहिला. चौकीदाराने घंटी वाजवली, तर वरून निरोप आला, साहेब घरात नाहीत. ते घरातच होते, मी खाली उभी होते ना! शालिनीताईंनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला खरा, पण तो कुंकवासाठी. श्यामसाठी त्या घरात एकटी रेवती जेवली नाही.

आता माझं वय झालं आहे. कायद्याने मला रस्त्यावर यायला मनाई आहे, म्हणून मी त्याच इमारतीखाली उभी असते. रेवतीने मला भंगारात जाऊ दिलं नाही. रंगारी तिला म्हणाला, मॅडम, हा डाग एका दिवसात घालवून देतो. ती म्हणाली, राहू दे. दसऱ्याला ती माझ्यावर स्वस्तिक काढते आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी सोडून, मऊ फडक्याने, स्वतःच्या हाताने पुसते.

मित्रांनो, गाडीवर ओरखडा दिसला, तर आधी धुवा, मग नख फिरवून बघा, मग हलक्या हाताने घासा. तो निघेल. पण तो कुणी पाडला हे ठरवण्याआधी समोरच्या माणसाला एकदा विचारा. आणि स्वतः पाडला असेल तर ज्या रांगेत दुसऱ्याचं नाव घेतलं, त्याच रांगेत जाऊन सांगा, त्याच दिवशी. रविवारची वाट बघू नका.

पद्माकरराव आता सत्तरीचे आहेत. रोज सकाळी काठी टेकत फिरायला खाली उतरतात. गेटकडे जायचा जवळचा रस्ता माझ्या उजव्या अंगाने आहे. ते डावीकडून वळसा घालून जातात.