दवाखान्याच्या पायऱ्यांवरची फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. एका सुताराने मला शिंपीणकाकूंसाठी घडवलं. काकूंची चाकाची खुर्ची दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी अडायची. मला पायऱ्यांवर टाकलं की काकू झपकन वर!

मला उचलून आणायला दोघं असत. एक वेल्डर, परमुलखातून आलेला. त्याला ऐकू येत नसे, आणि त्याचा काळा रंग पाहून कोणी खोली देत नसे. दुसरी छबी. मुलगा म्हणून जन्मली, बाई म्हणून जगू लागली, तशी घरच्यांनी बाहेर काढली. एक हात अधू, जीभ मात्र धारदार.

तिघांनी मिळून दवाखान्याकडे मागणं मांडलं. पक्का उतार हवा, वेल्डरसाठी खुणांची भाषा जाणणारं माणूस हवं, छबीला उपचारासाठी ठेवताना बायकांच्या खोलीत खाट हवी.

मोठे डॉक्टर वैतागले. "काकू, तुम्हाला मागच्या दाराने घेतो आत. या दोघांचं नंतर बघू."

"माझं काम झाल्यावर यांना विचारणार कोण?" काकू म्हणाल्या. "घ्याल तर तिघांना. आणि पुढच्या दाराने."

तेव्हापासून मी डॉक्टरांच्या डोळ्यांत खुपू लागले. पहारेकऱ्याने मला अडगळ म्हणून कोठीत टाकलं.

थोड्याच दिवसांत काकू तापाने फणफणल्या. पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या होत्या. छबी ओरडत होती, "अहो, आमची फळी तरी द्या!" कोणी हललं नाही. मी खिडकीच्या जाळीआडून सगळं पाहत होते. शेवटी दोघांनी खुर्चीसकट काकूंना उचललं. वेल्डरचा पाय घसरला, छबीचा अधू हात सुटला.

मग वेल्डरचा हंबरडा ऐकू आला. त्यात शब्द नव्हते.

काकूंना पुढच्या दारानेच आत नेलं. त्या परत आल्या नाहीत.

पुढे सिमेंटचा उतार झाला. डॉक्टरांनी फीत कापली, टाळ्या पडल्या. छबीला अजून पुरुषांच्याच खोलीत पाठवतात. उतारावर मोटारसायकली लावतात. ते दोघं रोज सकाळी येऊन त्या बाजूला सारतात. गाडीवाले शिव्या घालतात. वेल्डरला त्या ऐकू येत नाहीत, त्याच्या वाट्याच्याही छबीच ऐकते.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मी लाकूड, मला वाळवी लागायचीच. पण उतारावर गाडी दिसली, तर 'आपल्याला काय त्याचं' म्हणून पुढे जाऊ नका. ती सारायला हात लावा. खोळंबलेलं माणूस तुमच्या नात्याचं, जातीचं, ओळखीचं नसेल. म्हणून तर लावा.